गारगोटीतला पिवळा ठिपका

ओढ्याच्या पात्रातून उचललेली पांढरी गारगोटी. पाण्यात धरून अंगठ्याने चिखल पुसला आणि तांबूस भेगेत काहीतरी पिवळं लुकलुकलं. दगड गोळा करायचा नाद असलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला ही घटका कधी ना कधी येतेच, आणि पुढचे दोन दिवस तो माणूस कामाचा राहत नाही.

गंमत अशी की त्या घटकेपासून डोळे फितूर होतात. दगड हातात घेतला की जडच वाटतो. गंज दिसला की वाटतं, सोन्याच्या दगडाला गंज असतोच. गंज नसला तर वाटतं, सोनं गंजत नाहीच मुळी! म्हणून पुढची प्रत्येक परीक्षा मी उलट्या बाजूने सांगणार आहे: हे सोनं नाही, हे कशावरून कळेल? या प्रश्नाला बहुतेक दगड पाच मिनिटांत बाद होतात. जे उरतात त्यांच्यावरच मेहनत घ्यायची.

सुलट बाजूने विचारलं तर काय होतं, ते मार्टिन फ्रोबिशर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमांत दिसतं. १५७६ साली कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटाच्या परिसरातून तो एक काळा दगड घेऊन परतला. लंडनमधल्या जाणकारांनी तपासून सोनं नसल्याचं सांगितलं. मोहिमेला पैसा पुरवणारा व्यापारी मात्र दगड घेऊन एकामागून एक दारं ठोठावत राहिला. शेवटी एकाने ‘आहे’ म्हटलं आणि तेवढं पुरलं. १५७८ च्या तिसऱ्या फेरीत १५ जहाजं गेली, हजार टनांहून जास्त दगड भरून आणला गेला. सोनं निघालं नाही. त्या दगडाची रवानगी अखेर रस्त्यांत आणि भिंतींत झाली.

गार आणि सोनं एकत्र का सापडतात

जमिनीखाली काही किलोमीटर खोल, साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापलेलं पाणी खडकांच्या भेगांतून फिरत असतं. वरच्या दाबामुळे ते वाफ होऊन उडून जात नाही. या पाण्यात सिलिका (गार जिची बनते ते द्रव्य) विरघळलेली असते, गंधक असतं आणि त्या गंधकाच्या आधाराने पाण्यात टिकून राहिलेलं अगदी किंचित सोनं असतं. भूकंपाच्या हिसक्याने भेग उघडली की दाब एकदम उतरतो. सिलिकेला पाण्यात राहवत नाही, ती पांढऱ्या गारेच्या रूपात भेगेत जमते. पाण्यातलं गंधक शेजारच्या खडकातल्या लोहाला जाऊन मिळतं आणि त्यातून पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं सोनेरी चमकीचं खनिज, तयार होतं. सोन्याचा आधारच गेला, मग तेही तिथेच बसतं. भेग पुन्हा फाटते, पुन्हा भरते. असं कितीतरी वेळा घडतं. म्हणूनच सोनं देणाऱ्या बऱ्याच शिरांमधली (शीर म्हणजे अशी भरलेली भेग) गार एकसंध नसते, पट्ट्यापट्ट्यांची असते आणि पट्ट्यांमधून काळसर रेघा गेलेल्या असतात.

तरी एक कोडं उरत होतं. पाण्यात सोनं इतकं विरळ असताना मोठे गोळे कसे तयार होतात? ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक उत्तर सुचवलं. क्वार्ट्‌झ (गारेचं शास्त्रीय नाव) दाबला गेला की त्यात विजेचा भार तयार होतो. भूकंपात असा दाब वारंवार येतो, त्या विजेने विरघळलेलं सोनं क्वार्ट्‌झवर बसतं, आणि एकदा एक कण बसला की पुढचं सोनं त्याच कणावर येऊन चिकटत जातं. हे प्रयोगशाळेत दाखवलेलं आहे. जमिनीखाली यातलं किती घडतं, ती चर्चा पुढे चालेलच. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते.

कर्नाटकातल्या कोलारची चॅम्पियन रीफ, ऑस्ट्रेलियातलं बेंडिगो, कॅलिफोर्नियातली मदर लोड या सगळ्या शिरांची घडण थोड्याफार फरकाने वर सांगितली तशीच. पायराइट हा सोन्याचा वैरी नाही, त्याच पाण्यातून आलेला भाऊ आहे, एवढं यातून ध्यानात ठेवायचं. गारेत पायराइट दिसलं म्हणून दगड फेकून द्यायचा नसतो, आणि पायराइटलाच सोनंही समजायचं नसतं.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर क्वार्ट्‌झ पैशाला पासरी आहे. सोनं तसं नाही. भूकवचात सरासरी टनामागे काही मिलिग्रॅम. टनाला ५ ग्रॅम सोनं देणारी खाण चांगली चालते, पण त्या हिशेबाने एक किलोच्या दगडात ५ मिलिग्रॅमच सोनं येतं, आणि तेही धुळीसारखं विखुरलेलं. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढं सोनं असलेला दगड ही खाणीतसुद्धा नवलाची गोष्ट.

कोणता दगड खिशात टाकायचा

टोकदार, पारदर्शक स्फटिकांचे झुबके आणि बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, पोकळ्यांत सापडणारे अकीक हे दिसायला देखणे असतात. ते घरी न्यावेत, कपाटात मांडावेत, पण त्यांत सोनं शोधू नये. आपल्याला हवी ती दुधी, भेगाळलेली, जरा घाणेरडी दिसणारी गार, जिच्या अंगावर तपकिरी-तांबडे डाग आहेत आणि जिला कडेला मूळ खडकाचा तुकडा चिकटलेला आहे.

त्या डागांत खरी मेख आहे. पायराइट हवेपाण्यात गंजतं, विरघळून जातं आणि जाताना आपल्या आकाराचं घर मागे ठेवतं. म्हणून गारेत काही वेळा नीट चौकोनी खड्डे दिसतात, आत गंजाची पिवळी-तपकिरी माती. पायराइटच्या पोटात सोन्याचा कण असेल तर तो मात्र गंजत नाही, त्याच खड्ड्यात अडकून राहतो. भिंग घेऊन आधी हे खड्डे बघा. मी अजूनही गुळगुळीत पांढऱ्या भागावर नजर फिरवत बसत नाही, सरळ खड्ड्यांकडे जातो.

दगड धुवायला साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. इथे माझी फजिती सांगून टाकतो. सुरुवातीच्या दिवसांत एक गंजकी गार मी तारेच्या ब्रशने खसाखसा घासली. वाळल्यावर पाहतो तो पांढऱ्या पृष्ठभागावर बारीक पिवळ्या रेघा, मऊ चकाकीच्या, सुई लावली तर पूड न होता पसरणाऱ्या. दोन तास मी हवेत होतो. मग लक्षात आलं की सगळ्या रेघा एकाच दिशेने गेल्या आहेत, आणि ब्रशच्या तारा पितळेच्या आहेत. क्वार्ट्‌झ पितळेहून कितीतरी कठीण, तो पितळ खरवडून स्वतःच्या अंगाला लावून घेतो. पोलादी हातोडीनेही तसेच करडे व्रण उठतात. तेव्हा दगडावरचं पिवळं खोल भेगेत आहे की नुसतं वर फासलेलं, हे सगळ्यात आधी बघायचं.

उन्हातून सावलीत

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऊन असेल तर दगड सावलीत न्या आणि डोळ्यांसमोर हळूहळू फिरवा. अभ्रक आणि पायराइट आरशासारखं वागतात: एका कोनात लख्ख चमकतात, जरा वळवलं की विझतात. सोनं विझत नाही. ते उन्हात जितकं पिवळं तितकंच सावलीत पिवळं, सगळ्या बाजूंनी सारखं. त्याची चमक लुकलुकती नसते, लोण्यासारखी संथ असते. लुकलुकणाऱ्यांपैकी बहुतेक इथेच बाद होतात.

मग आकार. पायराइटला शिस्त आहे: चौकोनी ठोकळे, सपाट बाजू, बाजूंवर समांतर बारीक रेघा. सोन्याचे रेखीव स्फटिक क्वचितच मिळतात. एरवी ते जिथे जागा सापडली तिथे घुसलेलं असतं. भेगेतून गेलेली तार, दोन कणांमधला पापुद्रा, वेडावाकडा ठिपका, कडा ओबडधोबड. भिंगाखाली सपाट बाजू आणि काटकोन दिसले की समजावं, हे सोनं नव्हे.

रंगाचं मात्र जपून. नैसर्गिक सोन्यात जवळजवळ नेहमी थोडी चांदी असते आणि चांदी वाढली की रंग फिका पडत जातो, त्यामुळे फिकं पिवळं दिसलं म्हणून लगेच नाही म्हणू नये. जांभळी-निळी मोरपंखी झाक असेल तर ते बहुधा चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं-लोह-गंधकाचं खनिज. सोन्यावर अशी झाक चढत नाही. आणि मातकट, बिनचमकीचं पिवळं म्हणजे निव्वळ गंज.

सुई आणि कस

मला एकच परीक्षा निवडायला सांगितली तर मी सुई निवडेन. साधी शिवणाची सुई घ्या, भिंगाखाली पिवळ्या कणावर टोक ठेवा आणि हलका दाब द्या. सोनं मऊ आहे, कठिनतेच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर अडीच ते तीन. सुई त्यात रुतते, खड्डा पडतो, खड्ड्याची कडा जरा वर उचलली जाते आणि खड्ड्याचा तळही पिवळाच चमकतो. पूड पडत नाही. पायराइट सहा ते साडेसहा, सुई त्यावरून घसरते, आणि जोर वाढवला तर कण कडकन फुटून उडतो. चाल्कोपायराइट साडेतीन ते चार, त्यावर ओरखडा उठतो पण सोबत हिरवट-काळी पूड सांडते. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, वाकतात आणि सोडले की परत सरळ होतात. एका सुईने चौघांची ओळख पटते. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण उडालेला कण नेमका डोळ्याकडेच येतो.

सोन्याचा कस लावणं आपल्या भाषेत इतकं मुरलं आहे की माणसांचाही कस लागतो. खनिजशास्त्रातही हाच शब्द आहे: खनिज घासल्यावर उमटणाऱ्या पुडीचा रंग म्हणजे त्याचा कस. त्यासाठी चकाकी नसलेली चिनी माती लागते, फरशीच्या टाइलची मागची कोरी बाजू चालते. सोन्याचा कस पिवळा. पायराइट बाहेरून कितीही पिवळं असो, कस हिरवट-काळा.

अडचण अशी की गारेत रुतलेला मोहरीएवढा कण टाइलवर घासायचा कसा? घासायला गेलं तर आजूबाजूची गारच टाइलला ओरखडते आणि पांढरी पूड दिसून घोटाळा होतो. म्हणून सुईने एक कण सोडवून टाइलवर ठेवा आणि चमच्याच्या पाठीने दाबून चिरडा. काळी भुकटी झाली तर विषय संपला. चपटा होऊन पिवळी टिकली झाली तर आता खरोखर उत्सुक व्हायला हरकत नाही.

वजनाचा हिशेब

‘हातात जड लागतोय’ या वाक्याला मी काडीची किंमत देत नाही, आणि का देत नाही ते आकड्यांनीच दाखवतो. क्वार्ट्‌झची घनता घन सेंटिमीटरला २.६५ ग्रॅम, पायराइटची सुमारे ५, सोन्याची १९.३.

मुठीएवढा दगड घ्या. रात्रभर पाण्यात भिजवून बुडबुडे जाऊ द्या, वरचं पाणी पुसून वजन करा. समजा ५०० ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल तितके ग्रॅम म्हणजे दगडाचं घनफळ तितके घन सेंटिमीटर. समजा १८० आले. तेवढ्या घनफळाचा निव्वळ क्वार्ट्‌झ ४७७ ग्रॅम भरला असता, आपला २३ ग्रॅमने जास्त आहे. दगडात क्वार्ट्‌झ आणि सोनं एवढंच असेल, तर हे २३ ग्रॅम १.१६ ने (१९.३ ला १९.३ आणि २.६५ मधल्या फरकाने भागून आलेला आकडा) गुणायचे: जवळपास २७ ग्रॅम सोनं!

थांबा. त्याच दगडात सोन्याऐवजी ४९ ग्रॅम पायराइट असतं तरी काट्याने हेच दोन आकडे दाखवले असते. लोहाचा गंज आणि शिशाची खनिजंही अशीच भर घालतात. शिवाय घनफळ मोजताना २ घन सेंटिमीटरची चूक झाली तर सोन्याचा हिशेब ६ ग्रॅमने हलतो. म्हणून ही रीत फक्त तेव्हाच कामाची, जेव्हा सोनं सुईने पटलेलं आहे, दगड स्वच्छ पांढरा आहे आणि दुसरं जड काही दिसत नाही. राहिली तळहाताची गोष्ट. ५०० आणि ४७७ मधला फरक तळहाताला कळत नाही.

मेटल डिटेक्टर असेल तर फिरवून बघा. सोन्याचा भरीव तुकडा वाजतो, पायराइट सहसा वाजत नाही. विखुरलेले बारीक कण असतील तर मात्र यंत्र गप्पच राहतं, तेव्हा न वाजण्यावरून काही ठरवू नये.

घरी करू नये असं

नायट्रिक आम्लात पायराइट विरघळतं आणि सोनं तसंच राहतं, ही परीक्षा बरोबर आहे, पण त्यातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसं जाळतो. सुई असताना त्या वाटेला जायचं कारणच काय? पाऱ्याने सोनं ओढून घ्यायची जुनी रीत तर हौशी माणसाने विसरूनच जावी. दगड भाजून बघणंही नको. सोन्याच्या शिरांत अर्सेनोपायराइट नावाचं रुपेरी खनिज पुष्कळदा असतं, ते तापलं की आर्सेनिकचा विषारी धूर निघतो. ठोकताना लसणासारखा वास आला तर ते हेच. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

गार कुटायची असेल तर ओली करून कुटा आणि धूळ अडवणारा चांगला मास्क लावा. क्वार्ट्‌झची बारीक धूळ फुप्फुसात एकदा बसली की निघत नाही. खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस तो हाच. कुटलेली पूड पसरट भांड्यात पाण्याबरोबर फिरवली की अभ्रक आणि गार वाहून जातात, जड ते तळाशी राहतं. पण आधी नीट विचार करा. सोनं नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर दगड फोडायचाच नाही, कारण गारेत बसलेलं सोनं नमुना म्हणून जास्त मोलाचं ठरू शकतं. ऑस्ट्रेलियातल्या हिल एंड इथे १९ ऑक्टोबर १८७२ रोजी गार आणि सोन्याचा सुमारे दीड मीटर उंच, २८६ किलोंचा एक अखंड तुकडा निघाला. खाणीचा एक भागीदार होल्टरमन त्याच्याशेजारी उभा असल्याचं दाखवणारं छायाचित्र आज जगभर पाहिलं जातं, पण ते दोन छायाचित्रं जोडून केलेलं आहे. तुकडा मात्र तेव्हाच कुटून टाकला गेला.

सगळ्या परीक्षा नापास, तरीही सोनं

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत १८९३ मध्ये सोनं सापडलं. तिथे फिकट पिवळं, ठिसूळ असं एक खनिज ढिगांनी निघे. सुईने फुटतं, कसही पिवळा नाही, मग पायराइटच असणार म्हणून ते टाकून दिलं गेलं, खड्डे बुजवायला आणि बांधकामाला वापरलं गेलं. १८९६ मध्ये उलगडा झाला की ते कॅलाव्हेराइट, म्हणजे सोनं आणि टेल्युरियम नावाचं मूलद्रव्य यांचं संयुग आहे. मग लोक रस्ते उकरायला धावले.

अमेरिकेतल्या नेव्हाडामधल्या कार्लिनची गोष्ट आणखी वेगळी. तिथलं सोनं पायराइटच्या आत इतक्या सूक्ष्म रूपात आहे की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. अशा सोन्यापुढे आपली सुई, टाइल आणि भिंग तिन्ही निरुपयोगी. तिथे कान सोनारानेच टोचलेले बरे, म्हणजे दगड प्रयोगशाळेत द्यावा.

प्रयोगशाळेत होते ती शब्दशः अग्निपरीक्षा. दगडाची पूड करून त्यातली ३० किंवा ५० ग्रॅम घेतात, शिशाचा ऑक्साइड आणि टाकणखार मिसळून हजार अंशांच्या वर वितळवतात. शिशाचे थेंब खाली उतरताना सोनं-चांदी गोळा करत जातात. तळाशी जमलेली शिशाची गोळी सच्छिद्र मुशीत पुन्हा तापवली की शिसं मुशीत जिरतं आणि टाचणीच्या डोक्याहून लहान मणी उरतो. त्यातली चांदी आम्लाने काढून सोनं तोलतात. उत्तर येतं टनाला इतके ग्रॅम.

या उत्तराशी खेळणं फार सोपं आहे. आपण सगळ्यात चमकदार तुकडा निवडून पाठवला तर आकडा डोळे दिपवणारा येईल, आणि तो फक्त त्या तुकड्यापुरता खरा असेल. एक मोठा कण त्या ३० ग्रॅममध्ये आला की आकडा आभाळाला, नाही आला की शून्य. म्हणून त्याच जागचे काहीच न दिसणारे तीन-चार दगडही सोबत पाठवावेत. ते पाठवायला जीव होत नाही, हे मला ठाऊक आहे.

आणि जागा लिहून ठेवा. दगड उचलला त्याच दिवशी, त्याच्याच पिशवीत चिठ्ठी: कुठला ओढा, कोणता काठ, पात्रात की उतारावर. जमीन कोणाची आणि तिथून दगड उचलायला परवानगी आहे का, हेही. मग गारेच्या कडा बोटाने चाचपून बघा. गुळगुळीत गोल झाल्या असतील तर पाण्याने तिला लांबून लोळवत आणलं आहे. कडा अजून बोचत असतील तर शीर जवळच कुठेतरी वरच्या अंगाला असणार. तशाच डागांच्या गारा शोधत ओढ्याने वर चढत जायचं. जिथे त्या दिसायच्या एकदम थांबतात, तिथून काठाकडे वळायचं.